दुःख आणि खादाडपणा

दुःखाच्या भरांत जो अधिक खातो, तो खादाडपणाच्या पापाचा दोषी होय काय? हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांसही वाटत होता. गेल्या वर्षीं एका लहानशा मंडळींत आम्हीं मिताहारावर उपदेश केला आणि पोटास देव मानणाऱ्यांस बरेच कठोर शब्द लाविले. पुढच्या रविवारीं एक विधवा बहीण उपासनेस आली नाहीं. तरुण मुलगा वारल्यापासून तिचें शरीर पुष्कळ सुटलें होतें, शेजारणी हंसत. रात्रीं झोंप येईना, म्हणजे ती उठून चहाबरोबर बिस्किटें किंवा गूळ-शेंगदाणे खाई. भूक नसे. हें आम्हांस मागाहून कळलें. विचारलें असतें तर आधींच कळलें असतें.

शरीरशास्त्रज्ञ सांगतात कीं, चिंता दीर्घकाळ राहिल्यास रक्तांत कॉर्टिसॉल नांवाचा अंतःस्राव वाढतो. त्यानें पुष्कळांस गोड व तेलकट पदार्थांची ओढ लागते, आणि ते खाल्ल्यानें मनास विसांवा मिळतो. पण तो घटकाभरच, म्हणून हात पुन्हां डब्याकडे जातो. अमेरिकेंत सॅन डिएगो येथें १९८५ च्या सुमारास डॉ. व्हिन्सेंट फेलिटी स्थूल लोकांवर उपचार करीत असतां, ज्यांचें वजन चांगलें उतरत होतें तेच उपचार सोडून जाऊं लागले. चौकशी करितां आढळलें कीं, त्यांतील अनेकांवर बालपणीं अत्याचार झाले होते. अन्न हा त्यांचा आसरा होता, आणि कित्येकांस जाड शरीर ही ढालच वाटे. पुढें डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनीं १९९८ सालीं जें संशोधन प्रसिद्ध केलें त्यांत, बालपणीं चार किंवा अधिक प्रकारचीं संकटें भोगलेल्यांत अतिस्थूलतेचें प्रमाण, तीं मुळींच न भोगलेल्यांच्या सुमारें दीडपट आढळलें.

प्रत्येक जाड मनुष्य दुःखी असतो असें मात्र नव्हे. वंश, कांहीं औषधें, बैठें काम हींही कारणें आहेत. आणि दुःखानें वाढलें म्हणून वजन गुडघ्यांस हलकें लागत नाहीं. मधुमेह कारण विचारून येत नाहीं. खाण्यास आळा नको, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें क्रमाविषयीं आहे. एलीया मरण मागून झुडुपाखालीं निजला, तेव्हां देवदूतानें त्यास भाकर दिली, निजूं दिलें, पुन्हां भाकर दिली. तेथें येण्याचें कारण त्यास पुष्कळ दिवसांनीं, होरेब डोंगरावर विचारलें गेलें. आम्हीं तर कांहींएक न विचारतां निकालच दिला होता! भाकर या बहिणीपाशीं होती. सोबतीस कोणी नव्हतें.

नंतर आम्ही तिच्या घरीं गेलों. वजनाची गोष्ट काढली नाहीं, मुलाविषयीं विचारलें. ती दोन तास बोलत होती. मग तिनें चहा केला आणि बशींत बिस्किटें मांडलीं. तिनें खाल्लीं, आम्हींही खाल्लीं.