एका पेशीपाशी थांबून

सावकाश बसा. एकच आकडा मनात धरा: 4 ग्रे.

किरणोत्साराची एवढी मात्रा सगळ्या अंगाला एकदम बसली आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात. आता हिशेब मांडा. ग्रे म्हणजे किलोमागे एक जूल. सत्तर किलोंच्या देहात 280 जूल. गरम चहाचा एक लहानसा घोट शरीराला जवळपास एवढीच उष्णता देतो. अंग तापतं ते अंशाच्या हजाराव्या भागाने.

इथे थोडं थांबा. ऊर्जा सारखीच, मग एक घोट तरतरी आणतो आणि दुसऱ्याने जीव का जातो?

चहाची ऊब सगळ्या रेणूंत वाटली जाते. किरणांची ऊर्जा वाटली जात नाही, ती कणाच्या वाटेवरच सांडते. आता मनाने एका पेशीच्या केंद्रकात उतरा. जागा जेमतेम काही मायक्रॉनची. मात्रा अगदी कमी असेल, तर बहुतेक केंद्रकांतून काहीच जात नाही. मग एखादा इलेक्ट्रॉन जातो, विरळ आयन मागे ठेवून. कधी अल्फा कण येतो आणि एका मायक्रॉनमध्ये शंभरेक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ओतून जातो. त्याच्या वाटेवरच्या दोन आघातांमधलं अंतर डीएनएच्या जाडीएवढं, सुमारे दोन नॅनोमीटर. म्हणून दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटतात, आणि अशी तूट सांधणं पेशीला फार जड जातं. 'सरासरी मात्रा' या पेशीला कधी भेटतच नाही. तिला भेटतो एक कण, किंवा कुणीच नाही.

हे मोजायचं कसं? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅराल्ड रॉसी यांनी 1950च्या दशकात वाट काढली. ऊतीसारख्या प्लास्टिकचा पोकळ गोल, मधोमध बारीक तार आणि आत अतिविरळ वायू. इतका विरळ, की सेंटीमीटरभर वायू ओलांडताना कण जेवढी ऊर्जा गमावतो, तेवढीच तो ऊतीच्या एका मायक्रॉनमध्ये गमावेल. प्रत्येक कणाचा विद्युतस्पंद वेगळा नोंदला जातो. त्यावरून काढलेल्या ऊर्जेला गोलातल्या सरासरी वाटेने, म्हणजे व्यासाच्या दोनतृतीयांशाने भागलं, की मिळते लिनिअल एनर्जी. मायक्रॉनएवढी वस्तू न घडवता मायक्रॉन मोजायचा, ही युक्ती मला आजही थक्क करते.

असं मोजमाप उपचारांतही लागतं. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये 2023 पासून कर्करोगावर प्रोटॉन उपचार होतात. प्रोटॉनचा वेग वाटेच्या शेवटी मंदावतो, आयनांची दाटी वाढते. तरी जगभर प्रोटॉन सर्वत्र क्ष-किरणांच्या 1.1 पट प्रभावी धरण्याची प्रथा आहे. वाटेच्या टोकाशी, जिथे गाठीलगत निरोगी ऊती असतात, हा आकडा तोकडा पडतो. उपचार आखताना मात्रेसोबत लिनिअल एनर्जीही पाहिली गेलीच पाहिजे.