ऋणाचा पत्ता

आपल्या पूर्वजांनी माणसाच्या डोक्यावर जन्मतःच तीन ऋणे ठेवली. देवऋण यज्ञाने फिटते, पितृऋण संततीने आणि ऋषिऋण अध्ययनाने. यांतले तिसरे हल्ली फारच स्वस्त झाले आहे. इंटरनेटवरील लेखाचा पत्ता ‘झोटेरो’सारख्या साधनाला द्यावा, की लेखक, शीर्षक, तारीख, सारे काही स्वल्पविरामासकट मांडून मिळते. २००६ साली निघालेले हे साधन फुकट आहे आणि मोठे उपयोगीही आहे. पाने बदलतात, नाहीशी होतात. म्हणून ते पान पाहिल्याची तारीखही टिपून ठेवते. वाळूवर लिहिणाऱ्याने भरतीची वेळ लिहून ठेवावी, तसेच हे!

परंतु ते पान आपण वाचले की नाही, हे त्याला कोठून कळावे? न वाचलेल्याचे नाव यादीत घालणे म्हणजे न फेडलेल्या कर्जाची पावती फाडणे होय. शिवाय पानाच्या पोटात जी माहिती लिहिलेली असेल, तीच ते उचलते. पान मुळात दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवलेले असले, तर खरा सावकार बाजूलाच राहतो. मग नाव कोणाचे द्यावे? मला वाटते, ज्याच्या दारात आपण उभे राहिलो त्याचेच. आणि मूळ लेखकाचे ‘अमक्याने उद्धृत केलेले’ असे सांगून. मूळ ग्रंथ उघडलाच नसताना तो उघडल्याचा आव आणणे मला चोरीहून वाईट वाटते. चोर निदान विद्वत्तेचा दावा करीत नाही. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव हिंडले, तेव्हा कुठे १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला.

आमच्या मालवणात तर गंमतच होते. किल्ले सिंधुदुर्ग समोर पाण्यात उभा. १६६४ साली महाराजांनी तो बांधावयास घेतला. तरी त्यावरील निबंधाखाली मुले पाच संकेतस्थळे लिहितात. एका मुलीने मात्र विचारले, “सर, आजीने सांगितलेले कसे लिहायचे?” अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीत खासगी बोलणे संदर्भयादीत घालत नाहीत, वाचकाला ते पुन्हा पाहता येत नाही, म्हणून त्याचा उल्लेख मजकुरातच करतात. मी तिला तसे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि यादीत सर्वांत वर आजीचे नाव घातले. मी ते खोडले नाही.