रक्ताची साक्ष, शब्दाची साक्ष

सत्य बोलणे हे केवळ बोलणाऱ्याचेच कर्तव्य आहे काय? विचारणाऱ्यावर त्याचा काहीच भार येत नाही काय? किशोरवयीन मुलामुलींना एचआयव्हीपासून वाचविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांच्या यशापयशाचे मोजमाप करताना हा जुना नीतिप्रश्न अगदी अनपेक्षितपणे समोर आला.

टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वान्झा नावाचा प्रदेश आहे. तेथील ग्रामीण भागात १९९८ साली २० वस्तीसमूह निवडण्यात आले. निम्म्या समूहांतील प्राथमिक शाळांतून लैंगिक आरोग्याचे शिक्षण देण्यात आले आणि आरोग्यसेवकांना तरुणांशी आपुलकीने वागण्याचे प्रशिक्षण मिळाले. उरलेल्या समूहांत ही योजना नव्हती. साडेनऊ हजारांहून अधिक मुलामुलींची पाहणी झाली. तीन वर्षांनी विचारता योजनेतील मुलांचे ज्ञान वाढलेले आढळले, काही बाबतींत वर्तनही सुधारल्याचे त्यांनी सांगितले. तपासणीत मात्र त्या सुधारणेचा सुसंगत पुरावा मिळाला नाही. २००७-०८ साली पुन्हा पाहणी झाली. तेव्हाही एचआयव्हीच्या प्रमाणात फरक दिसला नाही. केवळ शब्दावर विसंबून अहवाल लिहिला असता, तर योजना बऱ्याच अंशी सफल ठरली असती!

याच मुलांविषयी आणखी एक शोध लागला. ज्यांच्या तपासणीत शरीरसंबंधाची खूण सापडली होती, त्यांपैकी किती जणांनी दोन्ही प्रश्नावल्यांत तसे मान्य केले होते? मुलांपैकी ५८ टक्क्यांनी. मुलींपैकी अवघ्या २९ टक्क्यांनी. अमेरिकेतही २००१-०२ च्या एका मोठ्या पाहणीत असेच दिसले. गुप्तरोगाची लागण सिद्ध झालेल्या तरुणांपैकी दहा टक्क्यांहून अधिक जणांनी मागील वर्षभर आपण शरीरसंबंध ठेवलेला नाही, असे सांगितले होते.

यावर 'हल्लीची मुले खोटारडी' असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तो शेरा मान्य नाही. मुलांच्या आणि मुलींच्या आकड्यांत एवढे अंतर का पडावे? मुलाची कबुली त्याच्या सोबत्यांत शौर्य ठरते. मुलीच्या कबुलीने तिचे नाव, तिची शाळा, कदाचित तिचे लग्नही पणास लागते. ज्या उत्तराची किंमत एवढी जबर, ते उत्तर वहीत लिहून द्यावे अशी अपेक्षा करणारा शहाणा म्हणावा काय? लक्षणीय गोष्ट अशी की, त्याच म्वान्झात लागण झालेल्या मुलींशी निवांत, दीर्घ संभाषण झाले तेव्हा त्या प्रश्नावलीपेक्षा अधिक खरे बोलल्या. प्रायश्चित्त संस्कारासाठी वर्षानुवर्षे कान देऊन बसणाऱ्या आम्हांस याचे फारसे नवल वाटले नाही.

तर मग शब्द सोडून रक्तालाच विचारावे काय? योजनेची परीक्षा घ्यायची असेल तेव्हा, होय, अवश्य विचारावे. तेथे भाबडेपणा अनेकांच्या जिवावर बेतू शकतो. परंतु रक्ताची साक्षही अपुरी असते. लागण झाल्यावर काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही. उलट जोखीम पत्करूनही एखादा सुदैवाने निरोगी राहतो. आणि लागण सापडली तरी ती कशी झाली, हे रक्त सांगत नाही. मातेकडून जन्मतःच विषाणू आलेली मुले आज किशोरवयात आहेत. बलात्काराला बळी पडलेली मुलगीही त्याच तपासणीच्या रांगेत उभी असते. तिच्या अहवालावरून तिचे चारित्र्य वाचू पाहणारा विज्ञानाचा आधार घेत नसून विज्ञानाच्या नावाने अन्याय करीत असतो.

म्हणूनच हजारोंच्या तपासणीतून एखाद्या योजनेचा निवाडा करणे निराळे आणि आपल्या लेकीवर संशय आला म्हणून तिला प्रयोगशाळेत ओढून नेणे निराळे, हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो. आपल्या देशाच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही चाचणीपूर्वी समजून दिलेली संमती आवश्यक मानली आहे आणि निकाल गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे.

घरात मात्र कायदा फारसा पोहोचत नाही. तेथे प्रश्न विचारणारे आईवडीलच असतात, आणि पुष्कळदा 'तू तसले काही केले नाहीस ना?' या प्रश्नातच हवे ते उत्तर आधी घालून ठेवलेले असते. मुलगी 'नाही' म्हणते. आईला हायसे वाटते. आणि ज्या दवाखान्यात मुलीने वेळीच जायला हवे होते, तेथे तिला कोण घेऊन जाणार, हे विचारायचे राहून जाते.