विकत घेतलेला चित्रपट मोबाईलवर उतरविणें न्याय्य आहे काय?

रीतसर पैसे देऊन चित्रपटाची तबकडी विकत घेतली. पुढें ती चालविण्याचें यंत्र मोडलें, आणि आतां घरीं पडदा म्हणावा तर मोबाईल तेवढा एक आहे. अशा वेळीं तबकडीवरील चित्रपट मोबाईलमध्यें उतरवून पाहिला तर ती चोरी होते काय? हा प्रश्न आम्हांस खेड्यापाड्यांत हल्लीं पुष्कळदां विचारण्यांत येतो, आणि विचारणारे बहुधा प्रामाणिक लोक असतात. कारण ज्यास चोरीची लाज नाहीं तो असले प्रश्न विचारीतच नाहीं. म्हणून एका शब्दांत उत्तर देऊन मोकळें होणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

प्रथम उतरविणें म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. एका थराच्या डीव्हीडीवर सुमारें ४.७ गिगाबाइट माहिती मावते, आणि तींत चित्र एमपेग-२ नांवाच्या पद्धतीनें बांधलेलें असतें. मोबाईलला एच.२६४ सारखी पुढची पद्धत सोयीची पडते; तींत तेंच चित्र पुष्कळ कमी जागेंत बसतें. हँडब्रेकसारखा फुकट मिळणारा संगणकाचा प्रोग्राम हें रूपांतर करून देतो. ज्वारी पोत्यांतून काढून कणगींत भरावी, तसें हें काम. फरक एवढाच कीं, ज्वारी कणगींत गेली म्हणजे पोतें रिकामें होतें, तबकडी रिकामी होत नाहीं. आणि सगळा वाद त्या फरकापाशींच आहे. शिवाय पुष्कळ डीव्हीडींवर सीएसएस नांवाचें कुलूप घातलेलें असतें. हँडब्रेक तें स्वतः उघडीत नाहीं. उघडावयाचें तर निराळें साधन आणावें लागतें. जुन्या व्हीसीडींस असें कुलूप नसे.

आतां कायदा काय म्हणतो? आमच्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. खासगी उपयोगाकरितां केलेल्या न्याय्य व्यवहाराची मोकळीक त्यांत पूर्वीं पुस्तकें, संगीत इत्यादिकांपुरती होती, चित्रपटांस नव्हती. २०१२ सालीं कायदा दुरुस्त झाला, ती दुरुस्ती २१ जून रोजीं अंमलांत आली, आणि तेव्हांपासून ही मोकळीक चित्रपटांसहि लागूं झाली. अमुक एक व्यवहार न्याय्य कीं नाहीं, हें मात्र ज्या त्या प्रकरणांत न्यायालय ठरवितें. त्याच दुरुस्तीनें कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. परंतु तो हक्क बुडविण्याच्या हेतूनें तोडणाऱ्यास. दुसऱ्यास कुलूप उघडण्यास साहाय्य करणाऱ्यानें त्याचें नांव, पत्ता व कारण यांची पूर्ण नोंद ठेविली पाहिजे, असेंहि कलम आहे. बाजारपेठेंतील कोणत्या दुकानांत अशी वही असेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

इतर देशांत निराळेंच. अमेरिकेंत १९९८ च्या कायद्यानें कुलूप उघडणेंच मुळीं निषिद्ध ठरविलें आहे. तबकडी आपलीच आहे, ही सबब तेथें चालत नाहीं. ब्रिटनमध्यें विकत घेतलेल्या वस्तूची स्वतःच्या उपयोगाकरितां नक्कल करण्याची परवानगी १ ऑक्टोबर २०१४ पासून मिळाली, आणि जुलै २०१५ मध्यें तेथील उच्च न्यायालयानें ती रद्द केली. म्हणजे एकाच मनुष्यानें एकाच खोलींत बसून केलेली एकच गोष्ट सप्टेंबरांत बेकायदा, ऑक्टोबरांत कायदेशीर, आणि पुढल्या ऑगस्टांत पुनः बेकायदा. पाप आणि पुण्य असें पंचांग पाहून बदलतें काय?

कित्येक म्हणतात, जो कायदा असा आज एक व उद्यां दुसरा, तो आमच्या विवेकास बांधीत नाहीं. हें आम्हांस मान्य नाहीं. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनें हांकण्यांत उजवीपेक्षां अधिक पवित्र असें कांहीं नाहीं. तरी सर्वांनीं मिळून डावी ठरविल्यावर जो उजवीकडून येतो, तो दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालतो. परंतु कायद्यानें मना केलेलें आणि मुळांतच अन्यायाचें, हीं दोन निरनिराळीं आहेत. मुळांतला अन्याय तो, ज्यांत दुसऱ्याच्या श्रमाचा मोबदला त्याच्या संमतीवांचून बुडतो.

संमतीची गोष्ट निघाली म्हणून एक साक्ष सांगतों. १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, पांच विरुद्ध चार मतांनीं, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरीं टेपवर घेऊन सवडीनें पाहणें रास्त ठरविलें. त्या खटल्यांत फ्रेड रॉजर्स यांची साक्ष झाली होती. हे प्रेस्बिटेरियन मंडळीचे दीक्षित पाळक. दूरचित्रवाणीवर मुलांकरितां कार्यक्रम करीत. आपला कार्यक्रम कुटुंबांनीं टेपवर घेऊन सोयीच्या वेळीं पाहिला तर आपली हरकत नाहीं, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता, आणि न्यायालयानें निकालांत त्याची दखल घेतली. परंतु हें ते स्वतःच्या कार्यक्रमाबद्दल बोलले. दुसऱ्याच्या मालाविषयीं उदार होणें फार सोपें असतें.

आमच्या मतें कसोटी ही: नक्कल झाल्यावर तो चित्रपट एका किंमतींत किती घरांचा झाला? तबकडी पेटींत जपून ठेवून मोबाईलवर पाहणाऱ्याचें पूर्वीं एक घर होतें, नंतरहि एकच. त्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु तोच मनुष्य उतरवून घेतल्यावर तबकडी आठवड्याच्या बाजारीं विकून टाकील, किंवा मेहुण्याच्या मोबाईलमध्यें एक नक्कल भरून देईल, तर एका किंमतींत दोन घरें झालीं. भले भले येथें घसरतात, कारण देतेवेळीं तें प्रेमाचें कृत्य वाटतें. मूळ तबकडी मेहुण्यास चार दिवस पाहावयास द्यावी. त्यांत कोणाचें कांहीं बुडत नाहीं.

मेमरी कार्डांत दहावीस रुपयांत सिनेमे भरून देणारा दुकानदार या कसोटीस मुळींच उतरत नाहीं. तो दुसऱ्याचें शेत आपल्या नांवानें खंडानें देतो. त्याच्याविरुद्ध बोलतांना कित्येक उपदेशक म्हणतात कीं, स्टुडिओंत दिवे धरणाऱ्या मजुराची भाकरी यानें हिरावली. हें पुरतें खरें नव्हे. त्या मजुराची त्या चित्रपटाची मजुरी बहुधा आधींच ठरलेली असते. बुडतें तें पुढचें काम: निर्मात्याचा पैसा परत आला नाहीं तर पुढला चित्रपट निघत नाहीं, आणि तो मजूर घरीं बसतो. खोट्या युक्तिवादानें खऱ्या गोष्टीचें समर्थन करूं नये.

परंतु ज्यास विकत मिळतच नाहीं त्यानें काय करावें? बीडकडील कितीएक कुटुंबें दर हंगामांत ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रांत जातात. दिवसभर कोयता चालवून रात्रीं कोपींत परतल्यावर त्यांचें थिएटर म्हणजे हातांतील मोबाईल. करमणूक ही चैन आहे, असें त्यांना सांगण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. विकणाऱ्यांचाहि यांत दोष आहे. २००७ सालच्या सुमारास मोझर बेअर कंपनी २८ रुपयांस व्हीसीडी विकूं लागली, तेव्हां गरिबासहि खरी तबकडी घेतां येऊं लागली. तो मार्ग पुढें बंद पडला. तरीहि नाइलाज हा भाकरीच्या बाबतींत जितका खरा, तितका चित्रपटाच्या बाबतींत आम्हांस वाटत नाहीं. कारण उघडे मार्ग आहेत. आमच्या कायद्याप्रमाणें चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढल्या वर्षापासून साठ वर्षें टिकतो. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ जेवढा उरला आहे तेवढा केव्हांच सर्वांचा झाला. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’चा चित्रपट म्हणून हक्क २०१३ अखेर संपला, कथा व गीतें यांचे हक्क निराळे मोजावे लागतात. प्रसार भारतीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘वेव्ह्ज’ ॲप सुरू केलें, त्यावरहि कांहीं चित्रपट फुकट पाहावयास ठेविले. वर्गणीच्या ॲपमधून डाउनलोड केलेला चित्रपट मात्र भाड्याचा समजावा. मुदत संपतांच तो जातो, आणि त्याचें कुलूप काढून ठेवून घेणाऱ्यास वरील तबकडीवाल्याची सबब सांगतां येत नाहीं. त्यानें विकत कांहींच घेतलेलें नसतें.

उपदेशक बंधूंस एक सूचना. मोबाईलवर घरच्यांसह पाहणें वेगळें, आणि तोच मोबाईल छोट्या प्रोजेक्टरला जोडून मंदिराच्या अंगणांत चादरीवर सर्व गांवास दाखविणें वेगळें. तिकीट नसलें तरी हें जाहीर प्रदर्शन होतें, आणि त्यास हक्कदाराची लेखी परवानगी लागते. चित्रपटाचें नांव, स्थळ व तारीख लिहून ती आधींच मागावी. उत्तरास महिना लागला तरी वेळ पुरेल अशा बेतानें पत्र घालावें.