सांभाळ कुणाच्या नावावर?

कळंब तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारे आईबाप लेकरू आजीपाशी ठेवतात, तेव्हा कुणी कागद मागत नाही. आता समजा, नवऱ्यापासून वेगळी झालेली इथलीच एखादी मुलगी नर्स म्हणून ब्रिटनला गेली आणि मागे राहिलेल्या लेकरासाठी व्हिसाचा अर्ज भरायला बसली. एकच पालक तिकडे असेल, तर सहसा दाखवावं लागतं की मुलाची जबाबदारी एकट्या त्याच पालकावर आहे.

मग आजी कोण?

तिथल्या न्यायाधिकरणानं २००६ साली येमेनच्या एका प्रकरणात कसोटी सांगितली. रोजचं बघणं नातेवाइकांकडे असलं तरी चालतं; वाढवण्याचे मोठे निर्णय कोण घेतं, ते पाहायचं. नियम निर्दयी नाही. दुसऱ्या पालकाला डावलून मूल नेलं जाऊ नये, ही काळजी त्यात आहे. पण निर्णयाचा पुरावा मिळतो: फीची पावती, शाळेशी झालेले मेसेज. रात्रभर तापात कपाळावर ठेवलेल्या पट्ट्यांची पावती नसते.

म्हणून अर्ज भक्कम करायला आजीला ‘फक्त सोबतीला होती’ असं लिहायचा मोह होतो. तो टाळावा. ‘निर्णय माझे, सांभाळ आईचा’ हे खरंही आहे आणि कसोटीत बसतंही. उद्या मोठं झालेलं लेकरू तो अर्ज वाचेल, तेव्हा त्यात त्याला आजी सापडायला हवी.