यंत्रे मिळतात, जागा मिळत नाही

सामाईक कार्यशाळा, म्हणजे हल्ली ज्याला मेकरस्पेस म्हणतात ती, काढायची ठरली की पहिली यादी होते यंत्रांची: थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, सीएनसी राउटर, एखादे लेथ, वेल्डिंगचा संच. या यादीला देणगीदारही भेटतात. यंत्राचा फोटो निघतो, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी बसते आणि वर्षअखेरीच्या अहवालात यंत्रे मोजून दाखवता येतात. जागेचे भाडे, वीजबिल आणि कार्यशाळा सांभाळणाऱ्या माणसाचा पगार यांवर मात्र कोणाची पाटी लागत नाही. ना नफा तत्त्वावर कार्यशाळा चालवणारे दर महिन्याला अडतात ते इथेच. एकदा घेतलेले यंत्र दहा वर्षे चालते, भाडे महिन्याच्या महिन्याला उभे राहते. अशा कार्यशाळेचे मूळ भांडवल म्हणजे दीर्घ मुदतीची, परवडणारी जागा, आणि शहरांत ती बाजारभावाने परवडणे जवळपास अशक्य आहे. म्हणून ती सार्वजनिक मालकीतूनच यायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

उलट बाजूचा सर्वांत जोरकस युक्तिवाद बाजाराचा आहे. लोकांना गरज असेल तर ते वर्गणी भरतील आणि वर्गणीतून भाडे निघेल. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. २००६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली टेकशॉप ही कंपनी नफ्यासाठीच होती. तिच्याकडे भरपूर यंत्रे होती, हजारो सभासद होते, फोर्डसारख्या कंपनीशी भागीदारी होती. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी तिने अमेरिकेतल्या आपल्या दहाही कार्यशाळा एका दिवसात बंद केल्या. महानगरातल्या मोठ्या जागेचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च बाहेरच्या मदतीवाचून निव्वळ वर्गणीतून भागत नाही, हे तेव्हा कंपनीच्या चालकांनीच मान्य केले. ना नफा असले म्हणजे यातून सुटका होते असेही नाही. बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिलमध्ये २०१० साली सुरू झालेल्या आर्टिझन्स असायलम या सेवाभावी संस्थेलाही २०२१ साली गाव सोडून ऑल्स्टनला जावे लागले. घरमालकाला भाडेकरूचा हेतू दिसत नाही, दर चौरस फुटाचा आकडा दिसतो. त्यात त्याची चूकही नाही.

जागा बदलणे कार्यालयाला त्रासाचे असते, कार्यशाळेला ते मोडून टाकणारे असते. लेथ नव्या फरशीवर ठेवले की लेव्हल पुन्हा साधावी लागते, नाहीतर कामात टेपर येतो. जड यंत्रांना तळमजला लागतो, मोठ्या मोटारींना तीन फेजचे कनेक्शन लागते. लेझर कटरचा धूर बाहेर नेणारी नळी भिंत फोडून काढावी लागते. लाकडाचा बारीक भुसा हवेत दाटला तर पेट घेतो, म्हणून सुतारकाम आणि वेल्डिंग यांच्यामध्ये पक्की भिंत हवी. आवाजामुळे निवासी इमारत बाद होते आणि उरतो औद्योगिक वसाहतीतला गाळा. तो मिळतो बहुधा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. अकरा महिन्यांसाठी भिंत कोण फोडेल आणि डक्ट कोण बसवेल? मग सगळे तात्पुरते राहते, आणि कार्यशाळेत तात्पुरते म्हणजे बहुतेक वेळा धोक्याचे. मुंबईत २०१३ साली सुरू झालेल्या मेकर्स असायलमने वांद्रे, अंधेरी असा प्रवास केला. महामारीत तिच्या एम-१९ उपक्रमातून देशभरच्या कार्यशाळांनी मिळून दहा लाख फेसशील्ड बनवल्या. त्यानंतर संस्थेने बस्तान गोव्याला हलवले. अशा स्थलांतराला अनेक कारणे असू शकतात. तरी जे कौशल्य आणि ज्या ओळखी एका शहरात साठत गेल्या, त्या शहराला त्या आपल्यापाशी ठेवता आल्या नाहीत, एवढे तरी त्यावरून दिसते.

याच्या शेजारी पाबळ ठेवून पाहावे. पुणे जिल्ह्यातल्या या अवर्षणप्रवण गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या कल्पनेतून जगभर पसरलेल्या फॅबलॅबपैकी अगदी सुरुवातीची एक २००२ साली तिथे आली. लक्षात घ्यायचे ते हे की ती आली तेव्हा आश्रम जवळपास दोन दशके काम करत होता. स्वतःची जागा होती, पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचा आधार होता आणि ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी अभ्यासक्रम चालू होता. मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजकाम हाताने करत शिकत होती. लेझर कटर त्या घरात शेवटी आलेला पाहुणा होता. कलबाग २००३ साली गेले, पण काम थांबले नाही. माणसामागे संस्था टिकते यात पुढच्यांची निष्ठा असतेच, पण पायाखालची जमीन आपली असणे हेही त्यात मोठे असते. पाबळला जमीन मुंबईच्या भावाने घ्यावी लागली नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच शहरात ती जबाबदारी सार्वजनिक संस्थांकडे जाते.

सार्वजनिक जागा हौशी लोकांच्या खेळासाठी का द्यावी, असे विचारले जाईल. ग्रंथालयांबद्दल हाच प्रश्न पडायला हवा होता, पण महाराष्ट्राने त्याचे उत्तर कधीच देऊन टाकले. पुणे नगर वाचन मंदिराची परंपरा १८४८ पर्यंत जाते, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अशा संस्थांना मान्यता आणि अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदानाची चौकट मिळाली. रहस्यकथा वाचणाऱ्याने इमारतीचे भाडे भरावे असे कोणी म्हटले नाही. अनुदाने तुटपुंजी आणि रखडलेली असतात हे खरे, पण तत्त्व मान्य झालेले आहे. आता महानगरांतल्या अशा कार्यशाळांत इंग्रजी शिकलेल्या सुस्थित तरुणांचाच वावर जास्त दिसतो, ही टीका मी गंभीरपणे घेतो. पण तिचा रोख ज्या परिस्थितीकडे आहे ती काही अंशी महाग भाड्यानेच तयार होते. वर्गणी वाढली की पहिला गळतो तो दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा मुलगा.

खरी भीती वेगळी आहे आणि ती आपल्याच अनुभवातून आलेली आहे. नाममात्र भाड्याने दिलेल्या सार्वजनिक भूखंडांवर क्लब आणि लग्नाचे हॉल उभे राहिलेले आपण पाहिले आहेत. विश्वस्त हळूहळू मालक होतात. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ नुसार न्यासाला आपली स्थावर मालमत्ता विकायला किंवा, शेतजमीन नसल्यास, तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. पण मालमत्ता न हलवता तिचा वापर बदलणाऱ्याला हे कलम फारसे अडवत नाही. तेव्हा बंधन वापरावर हवे. मुदत दहा वर्षांची असावी, तीसची नको. आठवड्यात किती तास कोणीही येऊ शकेल, कोणते यंत्र किती वापरले गेले, याची नोंद भिंतीवर लागलेली असावी आणि नूतनीकरण त्या नोंदीवरच ठरावे. बंद पडलेले यंत्र सहा महिने तसेच असेल तर तेही त्यात दिसावे.

जागा तरी कुठली? सरकारने यंत्रांचा प्रश्न एका बाजूने सोडवलेला आहेच. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब दहा हजार शाळांत पोहोचल्या, प्रत्येकी २० लाखांपर्यंत अनुदानाने. जागा मात्र शाळेने द्यायची, आणि शाळा सुटली की फाटक बंद. यापेक्षा आशादायक आहेत त्या राज्यातल्या चारशेहून अधिक शासकीय आयटीआय. तळमजला, तीन फेज, वेल्डिंगचे कप्पे, लेथ सगळे तयार असते, आणि जिथे दुसरी पाळी नाही तिथे संध्याकाळी कुलूप असते. अडथळा डेड स्टॉक रजिस्टरचा आहे. पाना हरवला तर निदेशकाला उत्तर द्यावे लागते, निर्लेखनाची फाइल महिनोन्‌महिने फिरते, आणि अपघात झाला तर चौकशी त्याच्यावरच येते. असा माणूस किल्ली देणार नाही, आणि त्याने का द्यावी? त्यामुळे करार प्राचार्यांच्या सदिच्छेवर सोडून चालणार नाही, तो संचालनालयाच्या पातळीवर व्हायला हवा. त्यात संध्याकाळच्या पाळीसाठी वेगळे सबमीटर, वेगळे रजिस्टर, कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थेने स्वतः काढलेला विमा आणि संस्थेनेच पगार दिलेला कार्यशाळा-प्रमुख असावा. भाड्याचे ओझे उतरले तर एवढा एक पगार काढणे वर्गणीच्या आवाक्यात येऊ शकते.