उपायावांचून मापन

ज्या रोगावर उपाय नाहीं त्याचें माप घ्यावें काय, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाचा वाटतो. पण तो मूलतः नीतीचा आहे. आनुवंशिक नेत्ररोगांच्या इतिहासांत तो विशेष तीव्रतेनें पुढें येतो.

डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, प्रकाश ग्रहण करणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. मंद प्रकाशांत उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी सुमारें १२ कोटि, आणि उजेडांत रंग व बारकावे दाखविणाऱ्या शंकुपेशी सुमारें ६० लक्ष. रेटिनायटिस पिगमेंटोझा ह्या वंशपरंपरागत विकारांत बहुधा दंडपेशी आधीं निकामी होतात. प्रथम रातांधळेपणा येतो; मग दृष्टीचा घेर चोहोंकडून आकुंचित होत जातो.

ह्या पेशींचें कार्य मोजतां येतें. प्रकाशाचा क्षणिक झोत डोळ्यावर पडला कीं दृष्टिपटलांत सूक्ष्म विद्युत्-लहर उठते. स्वीडनमधील होल्मग्रेन ह्यांस ती १८६५ सालीं बेडकाच्या डोळ्यांत आढळली. माणसास वीस मिनिटें काळोखांत बसवून ती लहर टिपली म्हणजे दंडपेशींची स्थिति कळते. उजेडांत टिपली म्हणजे शंकुपेशींची. १९४५ सालीं कार्पे ह्या स्वीडिश नेत्रवैद्यानें असें दाखविलें कीं, ह्या विकारांत ती लहर नाहींशी झालेली असते. विलक्षण गोष्ट ही कीं, रोग्यास अद्याप बारीक अक्षर वाचतां येत असतांहि असें घडूं शकतें.

येथेंच दया आडवी येते. ती म्हणते, दहा वर्षांच्या मुलास फळ्यावरचें सारें दिसत आहे. उपाय नसतां त्याचें भवितव्य त्याच्या आईबापांस आजच सांगून कोणतें पुण्य पदरीं पडणार? आक्षेप हलका नाहीं. परंतु हाच मुलगा दिवेलागणीच्या वेळीं उंबऱ्याला अडखळतो, हातचें भांडें पाडतो, आणि धांदरट म्हणून रोज बोलणीं खातो, हें ती दया विसरते. मापन त्याला बरें करीत नाहीं. पण त्याच्यावरचा खोटा आरोप तर दूर करतें. पुढें व्यवसाय कोणता पत्करावा, रात्रीं वाहन हांकावें कीं नाहीं, हेंहि वेळींच ठरवितां येतें. अज्ञानानें रोग थांबत नाहीं. केवळ तयारीचा काळ फुकट जातो.

दुसरा विचार याहून अवघड आहे. डिसेंबर २०१७ मध्यें अमेरिकेंत आरपीई६५ ह्या जनुकाच्या दोषावरील उपचारास मान्यता मिळाली. निर्दोष जनुक दृष्टिपटलाखालीं पोहोंचविणारा हा उपचार, ज्यांच्या पेशी पुरेशा जिवंत आहेत त्यांनाच देतां येतो. म्हणजे पात्रता ठरविण्यासहि तपासणीच हवी. त्याचा गुणहि केवळ अक्षरांच्या तक्त्यावर विसंबून न राहतां, निरनिराळ्या प्रकाशांत अडथळ्यांच्या वाटेवरून रोग्यांस चालवून पारखण्यांत आला. विकाराच्या इतर बहुतेक प्रकारांस मात्र अद्याप असा उपाय नाहीं.

मग १९४५ पासून ज्यांनीं काळोखांत बसून आपले डोळे मोजूं दिले त्यांस काय मिळालें? रोगापासून सुटका तर नाहींच. त्यांच्या मापांवर ज्ञान उभें राहिलें. फळ दुसऱ्यांच्या हातीं पडलें. पुढच्यांच्या हितासाठीं असें मापन करणें मला अन्याय्य वाटत नाहीं. पण एका अटीवर. ज्याचें माप घ्यावयाचें त्यास आधींच स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, ह्याचें फळ कदाचित् तुमच्या वांट्यास येणार नाहीं. हें ऐकून त्यानें होकार दिला तर तें दान होय. आशेचें आमिष दाखवून घेतलेलें तेंच माप लुबाडणूक ठरतें, मग यंत्र कितीहि अचूक असो. आणि जो अजाण आहे त्याचें माप त्याच्या स्वतःच्या हितास लागेल तेवढेंच घ्यावें. दान देण्याचा अधिकार तो मोठा होईपर्यंत त्याच्यासाठीं राखून ठेवावा.